पेनड्राइव्हमध्ये जागा आहे, तरी फाइल जात नाही? फॉरमॅट करण्याआधी हे तपासा

पेनड्राइव्हवर फाइल जाईना की बहुतेकांचा हात थेट फॉरमॅटकडे वळतो. कधीकधी त्यानं काम होऊन जातं, म्हणून ही सवय टिकून आहे. पण फॉरमॅटनं सुटणाऱ्या अडचणी थोड्याच. बाकीच्या वेळी आत होतं ते जातं आणि अडचण जागची हलत नाही. पुण्यात नारायण पेठेत डीटीपी आणि व्हिडिओ मिक्सिंगचं काम करताना दिवसभर लोकांचे पेनड्राइव्ह हाताखालून जातात. लग्नाचे व्हिडिओ, दिवाळी अंकाची पानं, गणपतीत मंडळाच्या देखाव्याचं ध्वनिमुद्रण, कॉलेजच्या मुलांचे प्रोजेक्ट रिपोर्ट. अडणाऱ्या गोष्टी पुन्हा पुन्हा त्याच असतात आणि बहुतेक वेळा कॉम्प्युटरनं कारण पडद्यावर लिहिलेलं असतं. आपण ते न वाचता ओके दाबून मोकळे होतो. म्हणून पहिली विनंती एवढीच: जो संदेश येतो त्याचा मोबाइलवर फोटो काढा, आणि मग खालचं वाचा.

अडतंय कुठं, ते आधी ठरवा

विंडोजवर एक साधी चाचणी आहे. जी फाइल पेनड्राइव्हवर जात नाही, तीच कॉम्प्युटरमधल्याच दुसऱ्या एखाद्या फोल्डरमध्ये कॉपी करून बघा. तिथंही अडली तर पेनड्राइव्हला दोष देऊन उपयोग नाही. संदेशात 'सायक्लिक रिडंडन्सी चेक' असे शब्द असतील आणि फाइल या चाचणीतही अडत असेल, तर कॉम्प्युटरची हार्ड डिस्क त्या जागी नीट वाचता येत नाहीये. तेव्हा पेनड्राइव्ह बाजूला ठेवा आणि हार्ड डिस्कवरचा बाकीचा माल आधी सुरक्षित जागी हलवा. 'फाइल इज ओपन इन अनदर प्रोग्रॅम' असं असेल तर कोरलड्रॉ, एक्सेल किंवा जे काही उघडं आहे ते बंद करा. फाइलच्या चिन्हाजवळ निळा ढग दिसत असेल तर ती फाइल तुमच्या कॉम्प्युटरवर नाहीच, वनड्राइव्हवर आहे. इंटरनेट सुरू करून ती आधी उतरवून घ्यावी लागेल.

आता उलट बाजूनं बघा. नोटपॅडची दोन ओळींची फाइल पेनड्राइव्हवर टाका. ती गेली आणि मोठी गेली नाही, तर पुढचा भाग तुमच्यासाठीच आहे.

चार जीबीची भिंत

लग्नसराईत सगळ्यात जास्त वेळा येणारी तक्रार हीच. परवा एक मावशी आल्या होत्या, मुलीच्या लग्नाचा व्हिडिओ विहीणबाईंना द्यायचा म्हणून. ६४ जीबीचा नवा कोरा पेनड्राइव्ह, आत काही नाही, आणि व्हिडिओ जेमतेम ६ जीबीचा. "अहो दादा, एवढी जागा रिकामी आहे की, मग हा नाही कसा म्हणतो?" पडद्यावर संदेश होता: 'द फाइल इज टू लार्ज फॉर द डेस्टिनेशन फाइल सिस्टिम.' म्हणजे जागा पुरत नाही असं तो म्हणतच नव्हता. एवढी मोठी एकसंध फाइल मला मांडता येत नाही, असं म्हणत होता.

पेनड्राइव्हवर फाइली कशा मांडायच्या याची पद्धत ठरलेली असते, तिला फाइल सिस्टिम म्हणतात. त्यातली फॅट३२ ही पद्धत विंडोज ९५ च्या सुधारित आवृत्तीबरोबर १९९६ मध्ये आली. तिच्यात प्रत्येक फाइलचा आकार लिहायला ३२ बिटांचा रकाना आहे, आणि त्या रकान्यात मावणारी सगळ्यात मोठी संख्या ४,२९,४९,६७,२९५ बाइट. त्याहून एक बाइट जरी जास्त झाला तरी फाइल जाणार नाही, मग पेनड्राइव्ह ८ जीबीचा असो की १२८ चा. आजही कित्येक पेनड्राइव्ह दुकानातून फॅट३२ मध्येच येतात, कारण टीव्ही, गाडीतला प्लेअर, जुना म्युझिक सिस्टिम अशा सगळ्यांना ती पद्धत कळते.

व्हिडिओच्या बाबतीत ही मर्यादा किती लवकर गाठली जाते बघा. २५ एमबीपीएसनं, म्हणजे सेकंदाला २५ मेगाबिटनं (आठ बिटांचा एक बाइट), व्हिडिओ काढला तर साधारण २३ मिनिटांत चार जीबी भरतात. मंगलाष्टकांपासून सप्तपदीपर्यंतचा भाग एका फाइलमध्ये ठेवला की झालंच. कॅमेऱ्याच्या कार्डवर एकच सलग चित्रीकरण दोन-तीन तुकड्यांत सापडतं, त्याचं कारणही बहुतेक वेळा हेच असतं.

'माय कॉम्प्युटर' किंवा 'धिस पीसी'मध्ये पेनड्राइव्हवर राइट क्लिक करून प्रॉपर्टीज बघा. फाइल सिस्टिमसमोर फॅट३२ लिहिलं असेल तर निदान झालं. पुढचा प्रश्न मात्र कॉम्प्युटरला विचारायचा नाही, ज्याला पेनड्राइव्ह द्यायचा आहे त्याला विचारायचा: हा कशावर लावणार?

लॅपटॉपवर किंवा अलीकडच्या टीव्हीवर लावणार असतील तर पेनड्राइव्ह एक्सफॅट या नव्या पद्धतीचा करा. आतला माल आधी कॉम्प्युटरवर काढून ठेवायचा, मग राइट क्लिक, फॉरमॅट, एक्सफॅट, क्विक फॉरमॅट. फॉरमॅटनं खरोखर सुटणारी अडचण ती हीच. मायक्रोसॉफ्टनं एक्सफॅट २००६ मध्ये आणली आणि २०१९ मध्ये तिचा तपशील खुला केला. आता विंडोज, मॅक आणि लिनक्स तिघांनाही ती चालते. एनटीएफएस या विंडोजच्या आणखी एका पद्धतीतही मोठी फाइल जाते, पण मॅक अशा पेनड्राइव्हवरचं नुसतं वाचू देतो, लिहू देत नाही. प्रेसमध्ये किंवा डिझाइनरकडे मॅक असण्याची शक्यता असेल तर एनटीएफएसच्या वाटेला जाऊ नका. एक्सफॅटमध्ये एक उणीव आहे, तीही सांगायला हवी: फाइली कुठं आहेत याचा तक्ता तिच्यात एकच असतो, फॅट३२ सारखी त्याची दुसरी प्रत नसते. त्यामुळे कॉपी चालू असताना उपटून काढलात तर नुकसान जास्त होऊ शकतं.

टीव्ही जुना असेल तर एक्सफॅट केलेला पेनड्राइव्ह तो ओळखणारच नाही. गावाकडच्या आजी-आजोबांना व्हिडिओ द्यायचा असतो तेव्हा हे नक्की विचारा. अशा वेळी पेनड्राइव्ह फॅट३२ च ठेवायचा आणि फाइल लहान करायची. हँडब्रेक नावाचं सॉफ्टवेअर फुकट मिळतं. दोन तासांचा व्हिडिओ ४ एमबीपीएसला काढला की तो सुमारे ३.६ जीबी होतो, वर आवाजाचे थोडे एमबी, आणि चारच्या आत बसतो. नाहीतर साखरपुडा, हळद, लग्न, स्वागतसमारंभ अशा वेगळ्या फाइली करा. मला हाच मार्ग जास्त आवडतो, बघणाऱ्यालाही हवा तो भाग चटकन सापडतो. सेव्हन-झिप या सॉफ्टवेअरनं फाइलीचे तुकडे करता येतात, पण ते कॉम्प्युटरवर पुन्हा जोडावे लागतात. टीव्हीला त्यांचा काही उपयोग नाही.

नावं आणि फोल्डर

फाइल लहान आहे, तरी जात नाही? नाव बघा. विसर्गासारखी दिसणारी दोन टिंबं, प्रश्नचिन्ह, तारका, दुहेरी अवतरण, कंसासारखी टोकदार चिन्हं आणि उभी रेघ ही विंडोजच्या कोणत्याच पद्धतीत नावात चालत नाहीत. विंडोजवर तुम्ही ती टाइपच करू शकत नाही, पण लिनक्सवर करता येतात, आणि काही मोबाइल ॲप्स वेळेची टिंबं स्वतःहून नावात घालतात. पुरुषोत्तम करंडक या कॉलेजांच्या एकांकिका स्पर्धेच्या दिवसांत पार्श्वसंगीताचे पेनड्राइव्ह येतात तेव्हा 'प्रवेश २: पाऊस?' अशी नावं हमखास दिसतात. यात मोठी गोम अशी की काही वेळा फाइल अडते, पण काही वेळा कॉपी होताना त्या चिन्हाच्या जागी अंडरस्कोअरची खालची रेघ येते आणि कुणाच्या लक्षातही येत नाही. मग भरत नाट्य मंदिरात तालमीच्या वेळी साउंडच्या सॉफ्टवेअरला जुन्या नावाची फाइल सापडत नाही. नावं साधी ठेवा: '०२ पाऊस' पुरे. साउंडवाल्यांनी फोल्डरला नुसतं 'ऑक्स' हे इंग्रजी तीन अक्षरी नावही देऊ नये. विंडोजनं ते स्वतःसाठी राखून ठेवलेलं आहे.

'पाथ टू लाँग' आलं तर फाइलचं नाव आणि ती ज्या फोल्डरांच्या पोटात आहे त्यांची नावं मिळून २६० अक्षरांच्या पुढं गेली आहेत. वरच्या फोल्डरांची नावं छोटी करा. देवनागरीत काना, मात्रा, वेलांटी वेगळी मोजली जाते, म्हणून आपली नावं दिसतात त्यापेक्षा लांब भरतात.

फोटोग्राफरांसाठी एक खास अडचण. फॅट३२ मध्ये एका फोल्डरला ६५,५३६ नोंदींची मर्यादा आहे. पण मोठ्या नावाच्या एका फाइलला एक नोंद पुरत नाही, दर तेरा अक्षरांना एक जादा नोंद लागते. म्हणजे तीस अक्षरांचं नाव असेल तर प्रत्येक फोटो चार नोंदी खातो आणि सोळा हजारांच्या आसपास फोटो झाले की फोल्डर भरला, जागा कितीही रिकामी असो. वेगवेगळे फोल्डर करा, अडचण तिथल्या तिथं संपते.

'यू डू नॉट हॅव इनफ स्पेस' असा संदेश असेल आणि तुमच्या हिशेबानं फाइली मावायला हव्यात, तर फाइलींच्या प्रॉपर्टीजमध्ये 'साइज' आणि 'साइज ऑन डिस्क' असे दोन आकडे असतात, त्यातला दुसरा महत्त्वाचा. ३२ जीबीहून मोठा पेनड्राइव्ह विंडोजवर एक्सफॅट केला की जागा १२८ केबीच्या तुकड्यांत वाटली जाते आणि दोन केबीची फाइलसुद्धा एक आख्खा तुकडा घेते. अशा दहा हजार फाइली असल्या तर वीस एमबीचा माल सव्वा जीबी खातो. त्या सगळ्यांची एक झिप करा, जागाही वाचेल आणि वेळही. ३२ जीबीच्या पेनड्राइव्हवर २९ च्या आसपासच दिसतात, ती मात्र फसवणूक नाही. कंपनी हजाराच्या पटीत मोजते आणि विंडोज १०२४ च्या. मॅकवाल्यांनी आणखी एक बघावं: मॅकवर पेनड्राइव्हमधलं डिलीट केलेलं पेनड्राइव्हवरच्याच लपलेल्या कचरापेटीत राहतं. तो जोडलेला असतानाच ट्रॅश रिकामी करा, तेव्हा जागा सुटते.

वेग पडतो, मध्येच अडकतं

सुरुवातीला भराभर आणि मग गोगलगाय, हे बहुतेक स्वस्त पेनड्राइव्हचं ठरलेलं वागणं आहे. यूएसबी २.० ची कागदावरची मर्यादा ४८० एमबीपीएस, म्हणजे सेकंदाला ६० एमबी. पण साध्या पेनड्राइव्हची लिहिण्याची गती ८-१० एमबीच असू शकते. त्या हिशेबानं ४० जीबीला सव्वा-दीड तास लागणारच. यात बिघाड काही नाही. वेगाचा पेनड्राइव्ह असूनही रखडत असेल तर निळ्या रंगाच्या पोर्टला लावून बघा, बहुतेक कॉम्प्युटरवर तो यूएसबी ३.० चा असतो.

मध्येच 'डिव्हाइस नॉट रेडी' किंवा 'आय-ओ एरर' येत असेल तर आधी पोर्ट बदला. डेस्कटॉपच्या पुढच्या बाजूचे पोर्ट आतून एका बारीक केबलनं जोडलेले असतात आणि वर्षानुवर्षांच्या धुळीनं, ओढाताणीनं ढिले होतात. मागचे पोर्ट थेट मदरबोर्डवर असतात, तिथं लावा. एका पोर्टचे अनेक करणाऱ्या एकाच हबवर माउस, प्रिंटर आणि पेनड्राइव्ह असेल तर हब काढा. हे करूनही दुसऱ्या कॉम्प्युटरवर त्याच जागी थांबत असेल तर पेनड्राइव्हच थकला आहे.

आता सगळ्यात जास्त नुकसान करणारी गोष्ट. कॉपीची पट्टी पूर्ण झाली म्हणजे फाइल पेनड्राइव्हवर पोचली असं नाही. लिनक्सवर हे ठळक दिसतं: पट्टी झटक्यात शंभरावर जाते आणि माल अजून रॅममध्येच, म्हणजे कॉम्प्युटरच्या तात्पुरत्या मेमरीतच असतो, पुढं बराच वेळ सावकाश लिहिला जात असतो. विंडोज १० नं २०१८ च्या शेवटी आलेल्या १८०९ या आवृत्तीपासून पेनड्राइव्हसाठी 'क्विक रिमूव्हल' ही सोय आपोआप चालू ठेवली, त्यामुळे तिथं धोका कमी झाला आहे, संपलेला नाही. 'इजेक्ट' करा आणि काढायला हरकत नाही असा संदेश येईपर्यंत थांबा. 'डिव्हाइस इज करंटली इन यूज' आलं तर पेनड्राइव्हवरूनच उघडलेली एखादी पीडीएफ किंवा फोल्डरची खिडकी मागं राहिलेली असते.

कॉपी झाल्यावर लगेच फाइल उघडून बघणं ही खात्री नव्हे. ती पुष्कळदा रॅममधूनच उघडते. इजेक्ट करून पेनड्राइव्ह काढा, पुन्हा लावा, आणि मग शेवटची फाइल उघडा. व्हिडिओ असेल तर शेवटच्या मिनिटावर नेऊन बघा. अप्पा बळवंत चौकात प्रेसला अंकाची पानं द्यायला निघण्याआधी हे दोन मिनिटांचं काम केलं तर दुसऱ्या दिवशीची खेप वाचते.

'राइट प्रोटेक्टेड' आणि 'ॲक्सेस डिनाइड'

हे संदेश म्हणजे लिहायला मनाई. कॅमेऱ्याचं कार्ड असेल तर त्याच्या डाव्या कडेची बारीक खटकी बघा, ती 'लॉक'कडे सरकलेली असते. पेनड्राइव्ह असेल तर दुसऱ्या कॉम्प्युटरवर लावा. एकाच कॉम्प्युटरवर अडत असेल तर तिथं तशी बंदी घातलेली आहे. हिंजवडी-मगरपट्ट्यातल्या पुष्कळ कंपन्या यूएसबीवर लिहिणं मुद्दाम बंद ठेवतात. ऑफिसच्या लॅपटॉपवर ही बंदी उठवायचे उपाय शोधू नका, आयटीकडे रीतसर विचारा. लिनक्सवर 'रीड-ओन्ली फाइल सिस्टिम' आलं तर पेनड्राइव्हच्या तक्त्यात गडबड असू शकते. विंडोजवर प्रॉपर्टीज, टूल्स, चेक असं करून दुरुस्त करा, मात्र आतला माल आधी काढून घ्या.

आणि प्रत्येक कॉम्प्युटरवर 'राइट प्रोटेक्टेड'च येत असेल, तर बहुधा पेनड्राइव्हमधल्या चिपनं स्वतःहून लिहिणं बंद केलेलं असतं. मेमरी झिजत आली की काही चिपा तसं करतात, निदान आहे ते वाचता तरी यावं म्हणून. इंटरनेटवर याच्यावर रजिस्ट्रीपासून कसल्याकसल्या टूलपर्यंत खूप उपाय सापडतात. अशा पेनड्राइव्हवर ते चालत नाहीत. आतलं सगळं काढून घ्या आणि तो बाद करा.

कॉपी होतं, पण उघडत नाही

सुरुवातीचे फोटो नीट, पुढचे अर्धे राखाडी, त्यानंतरचे उघडतच नाहीत. असं दिसलं तर पेनड्राइव्ह बनावट क्षमतेचा असण्याची दाट शक्यता. आत चिप ८ जीबीची, पण कॉम्प्युटरला सांगताना १२८ किंवा थेट १ टीबी सांगते. आठ जीबी भरेपर्यंत सगळं सुरळीत, मग नवा माल जुन्यावर लिहिला जातो किंवा कुठंच लिहिला जात नाही, आणि एररही येत नाही. नवा पेनड्राइव्ह, तपकीर गल्लीच्या बाजारातून घ्या की ऑनलाइन, वापरण्याआधी एकदा तपासा. विंडोजवर एचटूटेस्टडब्ल्यू, लिनक्स आणि मॅकवर एफथ्री, दोन्ही फुकट आहेत. ते पेनड्राइव्ह पूर्ण भरतात आणि लिहिलेलं परत वाचून पडताळतात. वेळ लागतो, रात्री लावून ठेवा. बिल जपून ठेवलंत तर बदलून मागता येतो.

फोल्डरांच्या जागी शॉर्टकट दिसू लागले असतील तर तो व्हायरस आहे, पुष्कळांनी वापरलेल्या कॉम्प्युटरवरून आलेला. फाइली बहुधा जागेवरच असतात, फक्त लपवलेल्या. शॉर्टकटवर क्लिक करू नका. व्ह्यूमध्ये 'हिडन आयटम्स' चालू करा, तरी दिसल्या नाहीत तर फोल्डर ऑप्शन्समधलं 'हाइड प्रोटेक्टेड ऑपरेटिंग सिस्टिम फाइल्स' बंद करा. खरे फोल्डर कॉम्प्युटरवर घ्या, अँटिव्हायरस फिरवा, आणि हा पेनड्राइव्ह मात्र खुशाल फॉरमॅट करा. झेरॉक्सच्या दुकानात जाताना नुसती पीडीएफ असलेला वेगळा पेनड्राइव्ह न्यावा, एवढंच सुचवेन.

राहता राहिला तो संदेश ज्यानं भलेभले घाबरतात: 'यू नीड टू फॉरमॅट द डिस्क बिफोर यू कॅन यूज इट.' इथं कॅन्सल दाबा. मॅकवर फॉरमॅट केलेला पेनड्राइव्ह विंडोजला कळत नसेल, तरी हाच संदेश येतो. तो मॅकवर लावला की सगळं जागच्या जागी सापडतं. तसं नसेल तर तक्ता बिघडलाय, पण माल बहुधा आत आहे. सातबाऱ्याचा कागद फाटला म्हणून शेत नाहीसं होत नाही, तसंच हे. फोटोरेक हे फुकट सॉफ्टवेअर तक्त्याकडे न बघता थेट मेमरी चाळून फोटो, व्हिडिओ, पीडीएफ शोधून काढतं. फाइलींची मूळ नावं परत मिळत नाहीत आणि मोठे व्हिडिओ कधी तुटक येतात, पण फोटो बऱ्याचदा निघतात. फक्त दोन गोष्टी पाळा: शोधकाम संपेपर्यंत त्या पेनड्राइव्हवर नवं काहीही लिहू नका, आणि सापडलेल्या फाइली साठवताना जागा कॉम्प्युटरवरची निवडा, त्याच पेनड्राइव्हवरची नको.